घरच्या सर्व्हरसाठी बिनफॅनची ॲल्युमिनियम केस: केस झकास, सोबतचा पॅड मात्र बदलाच

रास्पबेरी पाय ४, म्हणजे तो तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर बोर्ड (पुढे नुसतं पाय), त्याच्यासाठी ती दोन तुकड्यांची ॲल्युमिनियमची केस मिळते ना, वर-खाली फिन्स म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या, फॅन नाही, चार स्क्रू आणि सोबत दोन-तीन थर्मल पॅड, म्हणजे चिप आणि केसमधली फट भरून उष्णता पुढे नेणारे तुकडे, तिच्याबद्दल लिहितोय. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण हाच साचा कितीतरी नावांनी विकला जातो आणि डब्यावरचा शिक्का सोडला तर आतला माल जवळपास सारखाच असतो. मत आधीच सांगून टाकतो. चोवीस तास चालू राहणाऱ्या घरच्या सर्व्हरला ही केस पुरते, अगदी व्यवस्थित पुरते, फक्त डब्यात आलेला पॅड काढून बरोबर जाडीचा पॅड बसवायचा आणि सर्व्हरवरची जड कामं जरा शिस्तीत लावायची. एवढं केलं नाही तर हीच केस तुम्हाला भंगार वाटेल आणि तुम्ही रिव्ह्यूमध्ये एक स्टार देऊन मोकळे व्हाल, तसे रिव्ह्यू मी भरपूर वाचलेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांची केस खरं तर चांगलीच असणार असं मला वाटतं.

माझ्या पायवर काय काय चालतं ते सांगतो म्हणजे लोडचा अंदाज येईल. जाहिराती अडवायला पाय-होल, फाइल्ससाठी नेक्स्टक्लाउड आणि सांबा, पिक्चर-गाण्यांसाठी जेलीफिन, आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करायला इमिच. बोर्ड ८ जीबीचा. दिवसातला बहुतेक वेळ हा बोर्ड काहीच करत नाही, प्रोसेसर पाच-सात टक्क्यांवर लोळत असतो, आणि मग मधेच कोणीतरी ट्रिपचे शेकडो फोटो एकदम अपलोड करतं आणि प्रोसेसरचे चारही कोअर, म्हणजे आतले काम करणारे चार भाग, शंभर टक्क्यांवर जातात. घरच्या सर्व्हरचा लोड हा असाच असतो, लांबलचक शांतता आणि मधेच एखादा मोठा धक्का, आणि बिनफॅनची केस नेमकी अशाच लोडसाठी बनलेली आहे, ते कसं ते पुढे येईलच.

फॅन का नको? आवाज हे एक कारण झालंच, तो इवलासा फॅन रात्री शांततेत किती बोचतो ते ज्याच्या खोलीत आहे त्याला विचारा. पण माझ्यासाठी मोठं कारण वेगळं आहे. छोट्या फॅनची बेअरिंग झिजते, फिन्समध्ये धूळ अडकते, आणि एक दिवस फॅन बंद पडतो तेव्हा तो सांगून पडत नाही. फॅनच्या भरवशावर एवढासा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावलेला असतो, तो एकटा काही करू शकत नाही, आणि सर्व्हर कुठल्यातरी कोपऱ्यात पडलेला असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बिघडण्यासारखं काहीच नाही.

आता उष्णतेचं गणित थोडं. पाय ४ जून २०१९ मध्ये आला, त्यातली बीसीएम २७११ चिप २८ नॅनोमीटरची, चार कॉर्टेक्स ए७२ कोअर, सुरुवातीला १.५ गिगाहर्ट्झ. नंतर २०२१ च्या शेवटी पायचं बुल्सआय नावाचं ओएस आलं तेव्हा नवीन रिव्हिजनच्या बोर्डांना १.८ गिगाहर्ट्झ मिळालं. बोर्ड नुसता बसलेला असताना साधारण ३ वॅट खातो आणि चारही कोअर राबवले की ६-७ वॅटपर्यंत जातो, आणि त्यातला जवळपास सगळा शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. ८० अंशांवर फर्मवेअर (बोर्डच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) कोअरचा वेग कमी करायला लागतं, ८५ च्या जवळ गेलात की आणखी जोरात दाबतं आणि ग्राफिक्सचा भागही हळू करतं. याला थ्रॉटलिंग म्हणतात आणि यामुळे बोर्ड जळत नाही, ते एक बरं आहे, पण सर्व्हर अचानक मंद होतो आणि कारण कळत नाही. उघडा बोर्ड, काहीही न लावता, चारही कोअरवर लोड देऊन ठेवला तर काही मिनिटांतच ८० ला टेकतो, त्यामुळे काहीतरी लावणं भागच आहे.

केस घ्यायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, तुमचा त्रास खरंच उष्णतेचा आहे का ते बघा. व्हीसीजेनसीएमडी ही कमांड आहे, तिला गेट थ्रॉटल्ड विचारलं की एक आकडा मिळतो. झिरो एक्स शून्य आलं म्हणजे सगळं ठीक. झिरो एक्स ५०००० आलं की लोक लगेच म्हणतात बोर्ड तापलाय, हीटसिंक आणा. थांबा. त्या आकड्यातला प्रत्येक बिट वेगळी गोष्ट सांगतो. ५०००० म्हणजे मागे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि त्यामुळे वेग कमी झाला होता, साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ही खूण लागते. हा दोष चार्जरचा नाहीतर केबलचा, याला जगातली कुठलीही केस काही करू शकत नाही, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर आणि जाड केबल लावा, संपला विषय. उष्णतेमुळे झालं असेल तर झिरो एक्स ई०००० सारखा आकडा दिसतो, त्यात तापमानाच्या मर्यादेचा बिट लागलेला असतो. आणि या ‘मागे झालं होतं’वाल्या खुणा रीबूट केल्यावर पुसल्या जातात, म्हणून त्रास झाला की आधी हा आकडा बघायचा आणि मगच रीबूट. उलटं केलंत तर पुरावाच गेला.

बरं, आता केस.

हातात घेतल्यावर वजन चांगलं लागतं, दीडशे ग्रॅमच्या आसपास. काळं ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा थर, एकसारखं आहे, आणि काळा रंग इथे दिसण्यापुरता नाहीये. चकचकीत उघडं ॲल्युमिनियम किरणांनी फार कमी उष्णता बाहेर टाकतं, ॲनोडाइज केलेलं त्याच्या कितीतरी पट जास्त टाकतं, आणि फॅन नसताना हवा अगदी हळू हलते तेव्हा हा हिस्सा मोजण्याइतका असतो. चकचकीत चंदेरी केस दिसायला भारी असते पण मी तरी ॲनोडाइज केलेलीच घेईन. वरच्या तुकड्याच्या आतल्या बाजूने ठोकळे खाली उतरतात, एक प्रोसेसरवर, एक रॅमवर. ठोकळ्यांचे तळ मशीन करून सपाट केलेत, रंग लागलेला नाही, हे काम कंपनीने चोख केलंय. पोर्टांची भोकं बरोबर जागी आहेत, एसडी कार्ड केस न उघडता निघतं, स्क्रू षटकोनी आहेत आणि चावी डब्यात येते.

आणि मग येतो पॅड.

डब्यात आलेला पॅड निळा, १ मिलिमीटर जाड आणि हाताला कडक. मी तो तसाच लावून केस बंद केली, रात्रभर चालवली आणि सकाळी उघडून बघितली. पॅडवर चिपचा ठसा उमटलेला होता पण अर्धाच. एका बाजूला चौकोनाची कड अगदी कापल्यासारखी स्वच्छ, पॅड दबून चकाकत होता, आणि दुसऱ्या बाजूला पॅडची मूळ जाळीदार पोत जशीच्या तशी, तिथे चिप टेकलेलीच नव्हती. म्हणजे पॅड इतका जाड आणि कडक की वरचा तुकडा पूर्ण बसतच नव्हता, ज्या कोपऱ्याचा स्क्रू आधी घट्ट होईल तिकडे झाकण कलत होतं. बाहेरून बघितलं तर दोन तुकड्यांमधली फट एका कोपऱ्यात नखाएवढी आणि समोरच्या कोपऱ्यात शून्य. तुमच्याकडे ही केस असेल तर आत्ता उठून ती फट बघा, चारही बाजूंनी सारखी आहे का ते.

पॅडच्या जाडीवर मी एवढा का अडून बसलोय, त्यासाठी थोडे आकडे. प्रोसेसरवरची धातूची टोपी साधारण १५ बाय १५ मिलिमीटर. स्वस्त पॅडची उष्णता वाहून न्यायची क्षमता म्हणजे कंडक्टिव्हिटी १.५ च्या आसपास असते, वॅट प्रति मीटर केल्विन या मापात. त्याच मापात ॲल्युमिनियम २०० च्या घरात आणि स्थिर हवा ०.०३ पेक्षाही कमी. १ मिलिमीटर जाडीचा तसा पॅड म्हणजे दर वॅटमागे जवळपास ३ अंशांचा फरक, ६ वॅट असतील तर चिप आणि केस यांच्यामध्ये १८ अंश. १८ अंश नुसते पॅडमध्ये अडकले! आणि हे पॅड पूर्ण टेकलेला असताना, अर्धाच टेकला असेल तर याच्या दुप्पट. आता त्याच जागी अर्धा मिलिमीटरचा ६ कंडक्टिव्हिटीचा मऊ पॅड टाकला तर तो फरक दोन-अडीच अंशांवर येतो. केस तीच, बोर्ड तोच, लोड तोच. विक्रेते पानावर फिन्सचे फोटो टाकतात आणि लोक फिन्स मोजत बसतात, पण उष्णता फिन्सपर्यंत पोचायच्या आधीच अडकते.

नवीन पॅड मागवायच्या आधी फट मोजून घ्या, अंदाजाने नको. मी लहान मुलांची खेळायची क्ले वापरली. क्लेची छोटी गोळी प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून चिपवर ठेवायची, केस स्क्रू लावून पूर्ण बंद करायची, उघडायची, आणि दबलेल्या क्लेची जाडी पट्टीवर किंवा व्हर्नियरवर बघायची. माझ्या केसमध्ये प्रोसेसरवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी निघाली आणि रॅमवर थोडी जास्त. पॅड त्या फटीपेक्षा जरासा जाड आणि मऊ हवा, म्हणजे दाबल्यावर पसरून नीट टेकतो. फट असताना पॅडऐवजी थर्मल पेस्ट भरायची आयडिया काही जण देतात, ती नका करू, पेस्ट हा अगदी पातळ थरासाठीचा माल आहे, अर्धा मिलिमीटर भरायला ती वापरली तर काही महिन्यांत कोरडी होऊन बाजूला सरकते. स्क्रू लावताना समोरासमोरचे कोपरे धरून थोडे थोडे आवळत जायचं, एक पूर्ण घट्ट करून मग दुसरा असं नाही. आणि हे सगळं करताना अडॅप्टर काढलेला हवा हे सांगायला नको, पण सांगतो, कारण खालचा तुकडाही धातूचाच आहे आणि बोर्डच्या पोटाला सोल्डरची टोकं असतात, ॲनोडायझिंगवर ओरखडा गेलेला असेल तर ती टोकं सरळ धातूला लागतील. तिथे मी उष्णता सहन करणारी कॅप्टॉन टेप मारलीये.

केस नीट बसली आहे की नाही ते कळायला एक सोपी परीक्षा. लोड द्या, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग केसला हात लावा आणि स्क्रीनवर चिपचं टेम्परेचर बघा. केस चांगली गरम लागतेय आणि चिप साठीच्या आसपास आहे तर सगळं बरोबर, उष्णता बाहेर येतेय. केस हाताला कोमट आणि चिप पंचाहत्तरच्या पुढे असेल तर पॅडचा घोटाळा आहे. लोक नेमकं उलटं समजतात, केस गरम लागली की घाबरतात आणि गार लागली की खूश होतात. बिनफॅनच्या केसने गरम व्हायलाच पाहिजे, तेच तिचं काम आहे.

टेम्परेचर बघायला त्याच व्हीसीजेनसीएमडीला मेजर टेम्प विचारा, नाहीतर सिस फोल्डरमधल्या थर्मल झोन झिरोची टेम्प नावाची फाइल वाचा, तिथे आकडा हजारपटीत असतो, ५८४२६ दिसलं म्हणजे ५८.४ अंश.

माझ्या घरातले आकडे, पॅड बदलल्यानंतरचे: नुसता बसलेला असताना खोलीपेक्षा १५-१७ अंश वर, आणि स्ट्रेस-एनजी या लोड द्यायच्या प्रोग्रामने चारही कोअर पूर्ण राबवले तर शेवटी खोलीपेक्षा ३५-३८ अंश वर. मी मुद्दाम ‘खोलीपेक्षा’ असं लिहितोय. नुसतं ‘माझ्याकडे ६० येतं’ हे वाक्य फॅन नसलेल्या केसबाबतीत काहीच सांगत नाही, कारण खोली २५ अंशांना असेल तर लोडवर ६२ च्या आसपास आणि खोली ३५ ला गेली की तोच बोर्ड तीच केस ७२ च्या आसपास, फरक तेवढाच राहतो आणि खालचा पाया वर सरकतो. ४० अंशांच्या खोलीत ७७ म्हणजे थ्रॉटलिंगच्या उंबरठ्यावर. म्हणून हिवाळ्यात टेस्ट करून निश्चिंत झालात तर उन्हाळ्यात फसाल. तुमचा फरक एकदा मोजून ठेवा, त्यात तुमच्या घरातलं वर्षातलं सगळ्यात जास्त टेम्परेचर मिळवा, आणि बेरीज ८० च्या बरीच खाली येतेय का ते बघा.

दुसरी गोष्ट, टेस्ट किती वेळ. दहा मिनिटांचे व्हिडिओ बघून केस घेऊ नका. दीडशे ग्रॅम ॲल्युमिनियम १ अंशाने तापवायला साधारण १३५ ज्यूल लागतात, म्हणजे लोडमुळे ४ वॅट वाढले तर सुरुवातीला केस चढायला दर अंशाला अर्ध्या मिनिटाच्या वर घेते. ही केस म्हणजे पाण्याच्या टाकीसारखी आहे, वरून नळ सोडला तरी भरायला वेळ लागतो आणि तोवर खालून निचराही चालू असतो. दहाव्या मिनिटाला दिसणारा आकडा हा भरत आलेल्या टाकीचा आकडा, शेवटचा नव्हे. माझ्याकडे रेषा सपाट व्हायला जवळपास तास लागतो. आणि मी वर म्हटलं ना की घरच्या सर्व्हरच्या लोडला ही केस जुळते, ते यामुळेच. पाच-सात मिनिटांचं काम असेल तर ते केस तापायच्या आतच संपतं, प्रोसेसर पूर्ण वेगाने पळतो आणि टेम्परेचर दहा-पंधरा अंश चढून परत खाली येतं. त्रास फक्त तासन् तास चालणाऱ्या कामाचा.

ठेवायची पद्धत पण बघा. पॅकिंगवरच्या फोटोत केस आडवी टेबलावर ठेवलेली दाखवतात. आडवी ठेवली की खालच्या बाजूच्या फिन्स टेबलाला चिकटतात आणि त्यांचा उपयोग शून्य. कडेवर उभी करा, फिन्सच्या खाचा वर-खाली जातील अशी, म्हणजे गरम हवा खाचांमधून वर निघते आणि खालून गार हवा आत ओढली जाते. नुसतं उभं केल्याने माझ्याकडे लोडवर तीन-चार अंशांचा फरक पडला, खर्च काही नाही. वर दिलेले आकडे उभ्या केसचेच आहेत. टीव्हीच्या खालच्या बंद कपाटात राउटर आणि सेट टॉप बॉक्सच्या शेजारी ठेवणार असाल तर मग खोलीचं टेम्परेचर विसरा, कपाटाच्या आतलं मोजा. एसएसडीचा एनक्लोजर केसच्या डोक्यावर ठेवू नका, जागा वाचते म्हणून खूप जण ठेवतात, आत वेगवान एनव्हीएमई एसएसडी असेल तर तो स्वतःच भट्टी आहे आणि दोघं एकमेकांना तापवत बसतात.

आता सॉफ्टवेअर, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. बिनफॅनच्या केसमध्ये किती उष्णता काढायची हे केस ठरवते पण किती निर्माण करायची हे तुम्ही ठरवता, आणि हा दुसरा भाग बहुतेक लोक सोडूनच देतात.

सगळ्यात आधी रात्रीची कामं. बॅकअप, फोटोंचं इंडेक्सिंग, जेलीफिनचं लायब्ररी स्कॅन, ही कामं बऱ्याचदा मध्यरात्रीच्या आसपास एकत्र येतात. सगळे एकदम उठतात आणि दोन-तीन तास चारही कोअर जाम. त्यांना एकामागे एक लावा, मधे थोडी मोकळीक ठेवा, तेवढ्यात केस परत निवते. दुसरं, इमिचचं मशीन लर्निंग, चेहरे ओळखणं वगैरे, हे पायवरचं सगळ्यात गरम काम. त्याच्या डॉकर कंटेनरला (प्रोग्राम ज्या वेगळ्या कप्प्यात चालतो तो) दोनच कोअरची मर्यादा घाला. डॉकर वापरत नसाल तर लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीमध्ये सीपीयू कोटा २०० टक्के ठेवा, म्हणजे दोन कोअरएवढाच वेळ मिळेल. काम दुप्पट वेळ चालेल पण रात्रभर कोण बघत बसलंय, आणि टेम्परेचर सातआठ अंश खालीच राहील.

इथे एक गैरसमज फार पसरलाय. नाइस ही कामाचं प्राधान्य खाली आणणारी कमांड लावली की प्रोसेसर कमी तापतो असं बरेच जण सांगतात. नाही तापत कमी. नाइसमुळे फक्त रांगेतला नंबर बदलतो, दुसरं कोणी रांगेत नसेल तर ते काम तसंच शंभर टक्के कोअर खातं आणि तेवढीच उष्णता निर्माण करतं. रात्री दोन वाजता रांगेत दुसरं असतंच कोण. उष्णता कमी करायची तर कामाला मिळणाऱ्या प्रोसेसरच्या वेळेवर मर्यादा हवी किंवा वेगावर.

वेगावरची मर्यादा म्हणजे कॉन्फिग फाइलमध्ये आर्म फ्रीक्वेन्सी १५०० लिहायचं, नवीन ओएसमध्ये ती फाइल बूट फोल्डरमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये असते. १.८ वरून १.५ म्हणजे वेग एक षष्ठांश कमी, पण उष्णता त्याहून बरीच जास्त कमी होते, कारण वेग उतरला की व्होल्टेजही उतरतं आणि खर्च होणारी पॉवर ही वेगाबरोबर आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबर बदलते. फाइल सर्व्हर म्हणून वापरताना हा फरक मला जाणवतसुद्धा नाही, तिथे अडतं ते नेटवर्कला आणि डिस्कला. मी उन्हाळ्यात १.५ ठेवतो, बाकी वेळ १.८. गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग, पॉवरसेव्ह करून ६०० मेगाहर्ट्झवर डांबून ठेवायचा सल्लाही दिसतो, तो मला पटत नाही, वेबपेज उघडायलासुद्धा सर्व्हर धापा टाकतो, ऑनडिमांड चांगला आहे, काम नसताना तो तसाही ६०० वर येतोच. वापरात नसेल तर वायफाय आणि ब्लूटूथ कॉन्फिग फाइलमधल्या ओव्हरलेने बंद करा, त्याने टेम्परेचर फार पडत नाही पण तोटाही नाही. फर्मवेअर अपडेटेड ठेवा, पाय ४ नवीन असताना त्यातली यूएसबीची चिप उगाच तापायची आणि पुढे फर्मवेअर अपडेटने ते बरंच सुधारलं.

जेलीफिनबद्दल थोडक्यात. व्हिडिओ ज्या फॉरमॅटमध्ये आहे तो तुमच्या टीव्हीला थेट चालत असेल तर पाय नुसता फाइल पाठवतो आणि गार राहतो. ट्रान्सकोडिंग, म्हणजे चालू असतानाच फॉरमॅट बदलायला लावलंत तर अख्खा पिक्चर संपेपर्यंत कोअर जळत राहतील, म्हणजे नेमका तोच लांब लोड ज्याला ही केस नकोशी आहे. घरातल्या डिव्हाइसना चालेल असा फॉरमॅट करूनच फाइल ठेवा, हे काम एकदाच मोठ्या कॉम्प्युटरवर करून टाकायचं.

केसच्या उण्या बाजू पण आहेत. वायफाय. धातूच्या डब्यात अँटेना कोंडल्यावर सिग्नल पडणारच, शेजारच्या खोलीतल्या राउटरशीसुद्धा स्पीड चांगलाच घसरतो. सर्व्हर लॅन केबलवर असावा या मताचा मी आहे त्यामुळे मला फरक पडला नाही, तुमचं सगळं वायफायवर असेल तर ही केस घेऊ नका. जीपीआयओच्या (बाहेरचे भाग जोडायच्या) पिनांना खाच आहे पण वर पीओई (लॅन केबलमधून वीज घेणारा) किंवा दुसरा कुठला हॅट, म्हणजे वर बसणारा जोडबोर्ड, बसत नाही, ठोकळा आड येतो. एलईडी दिसायला जी फट दिलीये ती इतकी बारीक की अंधारातच काय ते कळतं. आणि पॅड, त्याबद्दल वर पुरेसं लिहिलंय, पण कंपनीला खरंच विनंती आहे की एवढी चांगली मशीन केलेली केस देता तर सोबत फटीच्या मापाचा मऊ पॅड द्या, त्यात असं किती पैसे वाचतात? निदान फटीचं माप तरी कागदावर छापा. पाचपैकी मी चार देतो, बरोबर पॅड आत असता तर साडेचार दिले असते.

पाय ५ साठी अशीच केस मिळते, ती घेऊ का असं विचाराल तर थोडं जपून. २०२३ चा तो बोर्ड, बीसीएम २७१२ चिप, चार कॉर्टेक्स ए७६ कोअर २.४ गिगाहर्ट्झवर, आणि काम नसतानाही १.५ च्या खाली उतरत नाही. लोडवर पाय ४ पेक्षा जास्त वॅट खातो, आणि पाय ४ ची केस त्याला बसतही नाही कारण पोर्टांच्या जागा बदलल्यात. शिवाय त्यात एच.२६४ चा हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओचा फॉरमॅट बनवणारा चिपमधला भाग) काढून टाकलाय, त्यामुळे ट्रान्सकोडिंग केलंत तर सगळा भार कोअरवरच. पाय-होल, फाइल्स, होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारा प्रोग्राम) एवढंच असेल तर बिनफॅनची केस त्यालाही चालून जाईल, मोठ्या फिन्सवाली बघा आणि फट मोजून पॅड लावा. पण फोटोंचं मशीन लर्निंग आणि ट्रान्सकोडिंग दिवसभर चालवणार असाल तर सरळ त्यांचा अधिकृत ॲक्टिव्ह कूलर लावा, त्याचा फॅन टेम्परेचर बघून फिरतो आणि काम नसताना शांत बसतो.